मुंबईच्या गिरणीतल्या बायका, डॉ. ल्युसी विल्स आणि आपल्या सोलापुरातली लाल गोळी

काचपट्टी

मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रोज सकाळी गरोदर बायकांचे नमुने येतात. साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड, विडी घरकुल, कुंभारी. त्यांतल्या बऱ्याचजणी विड्या वळणाऱ्या. रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते, एचबी किती. अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी, सातच्या खाली म्हणजे सिव्हिलला धावपळ. बाकीचे आकडे सहसा कुणी वाचत नाही.

ज्यांनी बाकीचं वाचलं अशा एका बाईबद्दल मला इथे लिहायचंय. डॉ. ल्युसी विल्स. आपल्या आशाताई जी लाल गोळी घरोघर देतात, तिच्यात लोहाबरोबर असलेलं फोलिक अॅसिड या बाईंच्या कामातून आलं आणि ते काम सुरू झालं आपल्या मुंबईत, परळला.

विल्सबाईंचा जन्म १८८८चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या, मग लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत जाऊन १९२० साली डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटला नाही, प्रयोगशाळेतच रमल्या. १९२८ साली त्या मुंबईला आल्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू होती, तिच्यासाठी त्यांना बोलावलं होतं.

गरीब गरोदर बायका, त्यातही कापडधंद्यात राबणाऱ्या, एका भयंकर रक्तक्षयाने दगावत होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी तर होत्याच, पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय डॉक्टरांना आधीच माहीत होता, पर्निशियस अॅनिमिया. त्यावर यकृत खायला देण्याचा उपाय मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ साली दाखवला होता. मुंबईतल्या बायकांना तोच आजार आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं.

विल्सबाई तिथे थांबल्या नाहीत. आधी त्यांनी आतड्यातल्या जंतूंमुळे हे होतं का ते तपासलं. मग त्या ताटाकडे वळल्या. कुठल्या थरातली, कुठल्या समाजातली बाई रोज काय खाते, याची तपशीलवार माहिती गोळा केली. ज्यांच्या जेवणात भाजी, फळं, प्रथिनं सगळ्यांत कमी, त्यांच्यातच आजार सगळ्यांत जास्त. गरीब मुसलमान बायकांची अवस्था सर्वांत वाईट होती. मग तसाच आहार उंदरांना देऊन पाहिला. गाभण उंदरीण पिलं होण्याआधीच मरायची. यीस्ट दिलं की टिकायची. मात्र पुढे कळलं की उंदरांच्या आजारात उवांमुळे पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूचाही हात होता. म्हणजे उंदरांचा पुरावा डळमळीत झाला. मग माकडांवर काम केलं. अशाच आहारावर खंगलेल्या माकडाला मार्माइट दिलं आणि ते सुधारलं.

मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा अर्क. चिंचेच्या घट्ट कोळासारखा काळपट, चवीला खारट. इंग्लंडात लोक पावाला लावून खातात. ते स्वस्त होतं, मिळत होतं. विल्सबाईंनी ते या बायकांना दिलं आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे छापलं.

यीस्टमध्ये नेमकं काय होतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बरीच वर्षं त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. पुढे १९३०च्या दशकात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते शास्त्रज्ञ म्हणून त्यांची खरी उंची इथे दिसते. यकृताचा शुद्ध केलेला अर्क पर्निशियस अॅनिमियाला लागू पडायचा, पण या बायकांना पडायचा नाही. ओबडधोबड, न गाळलेला अर्क मात्र पडायचा. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी टाकून दिलं जात होतं, आणि या बायकांना नेमकं तेच हवं होतं. दोन आजार वेगळे, दोन कमतरता वेगळ्या. एक पुढे बी-१२ या जीवनसत्त्वाची ठरली, दुसरी फोलेटची, म्हणजे गोळीतल्या फोलिक अॅसिडचं अन्नातलं रूप.

आता आपल्याकडे या. रक्ताचा थेंब पसरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावली की लोह कमी असलेल्या बाईच्या पेशी लहान दिसतात, मधोमध फिक्या, नुसती कड रंगलेली. फोलेट किंवा बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या, लांबट गोल, आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला तीन-चारऐवजी पाच-सहा पाकळ्या. आपल्याकडे पुष्कळदा दोन्ही एकाच काचेवर असतात. मशीन सरासरी काढतं आणि पेशीचा आकार ८८ म्हणून छापतं. ८० ते १०० नॉर्मल, म्हणजे ८८ उत्तमच की! पण त्या काचेवर ८८ची पेशी शोधून सापडत नाही. निम्म्याहून थोड्या जास्त ७०च्या, बाकीच्या ११०च्या. आरडीडब्ल्यूचा, म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे त्याचा आकडा तेवढा वाढलेला असतो, तो कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे की विल्सबाईंचं काम आपल्यापर्यंत अर्धंच पोचलंय. गोळी पोचली. बाई काय खाते हे विचारण्याची त्यांची पद्धत पोचली नाही. आणि फोलिक अॅसिडचं जे सगळ्यांत नाजूक काम आहे, ते बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आतच उरकतं. ती वेळ आपण जवळजवळ नेहमीच चुकवतो. यावर पुढे लिहिते. इथल्या डॉक्टर, आशाताई आणि ज्यांच्या घरात विड्या वळल्या जातात त्यांनी जरूर लिहा.

पूर्वभागकर

काचपट्टी ताई, फार चांगला धागा. माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. वडील यंत्रमागावर. आईचं जेवण कधी व्हायचं हे मला लहानपणी माहीतच नव्हतं, कारण आम्ही जेवून उठलो की ती वाढलेलं आवरायला लागायची. सकाळी चहा-बटर, दुपारी कारखान्यात माल देऊन आल्यावर भाकरी आणि शेंगाचटणी, भाजी उरली तर उरली. माझ्या पाठीवरच्या भावाच्या वेळी तिला रक्त चढवावं लागलं होतं एवढं आठवतं.

विल्सबाई सोलापूरला आल्या होत्या का? इथेही जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या होत्याच.

काचपट्टी

पूर्वभागकर, त्यांचं काम मुंबई, कुन्नूर आणि मद्रास इथलं. कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन आहारावर संशोधन करायचे, तिथे १९२९मध्ये काही महिने त्या होत्या. १९३१मध्ये मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात. पण तुमच्या आईचं ताट जसं तुम्ही लिहिलंत, तशाच ताटांची त्यांनी मुंबईत नोंद केली होती.

आणि तुमच्यासाठी मुद्दाम एक. फोलिक अॅसिड १९४१ साली अमेरिकेत पालकातून वेगळं काढलं गेलं, त्यासाठी चार टन पालक लागला होता. पण ते प्रयोगशाळेत तयार करायला जमलं १९४५मध्ये, लेडर्ले कंपनीत. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमचे, तेलुगू माणूस.

पूर्वभागकर

हे आईला आत्ताच सांगितलं. तिला फोलिक काय ते कळलं नाही, भीमावरम कळलं. खूश झाली.

डॉक्टरीणबाई

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सोलापुरातच. काचपट्टींनी वेळेचा मुद्दा काढलाय तो मी पुरा करते, कारण मला त्याची रोज हळहळ वाटते.

फोलेटचं शरीरातलं काम म्हणजे डीएनए तयार करायला मदत. पेशीला दोन व्हायचं तर आधी डीएनए दुप्पट व्हावा लागतो. फोलेट नसेल तर पेशी वाढत जाते पण विभागत नाही. म्हणून अस्थिमज्जेत मोठ्या, अर्धवट पेशी तयार होतात. विल्सबाईंना दिसल्या त्या ह्याच. गरोदरपणात गर्भ, वार, गर्भाशय, आईचं रक्त, सगळंच झपाट्याने वाढतं, म्हणून एरवी काठावर असलेली बाई याच काळात ढासळते.

पण गर्भाच्या बाजूने पाहा. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो ती गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नळी खाली उघडी राहिली तर पाठीवर गाठ घेऊन बाळ जन्मतं, वर उघडी राहिली तर कवटी आणि मेंदूच तयार होत नाही. लिव्हरपूलच्या हिबार्ड आणि स्मिथेल्स यांनी १९६५ सालीच याचा फोलेटशी संबंध असावा असं मांडलं. पुढे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मोठी चाचणी घेतली. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा बायका निवडल्या आणि गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अॅसिड दिलं. निकाल १९९१मध्ये आला. धोका ७२ टक्क्यांनी कमी. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली.

म्हणजे रक्तासाठी सापडलेली गोष्ट साठ वर्षांनी मणक्यासाठी उपयोगी ठरली. विल्सबाई १९६४ साली गेल्या, हा भाग त्यांना पाहायला मिळाला नाही.

आपल्याकडे नोंदणी होते तिसऱ्या महिन्यात, आणि ती लवकर झाली असं आपण समजतो. पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक द्यायचं आणि चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक, असं सरकारी धोरण आहे. फोलिकची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावी असंही सांगितलेलं आहे. पण जिला दिवस गेलेलेच नाहीत ती बाई दवाखान्यात कशाला येईल? माझ्याकडे 'मूल होत नाही' म्हणून येणाऱ्यांनाच ती आधी मिळते. जिला सहज दिवस जातात तिला नाही.

हुरडा

माफ करा पण मला हे गोळ्यांचं प्रस्थ पटत नाही. आमच्या आज्यांनी कुठल्या गोळ्या खाल्ल्या होत्या? ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू, तूर, मूग, शेंगा. आपला सोलापूरचा आहार मुळातच उत्तम आहे. कंपन्यांना माल खपवायचाय. आणि स्वतः विल्सबाईंनी तरी गोळी कुठे दिली, खायचा पदार्थच दिला ना?

काचपट्टी

हुरडा, शेवटचं वाक्य अगदी खरं आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. त्यांनी अन्नच दिलं. मेथी, शेपू, पालक, मूग, हरभरा, शेंगदाणे या सगळ्यांत फोलेट चांगलं असतं, यकृतात तर भरपूर. ज्या घरात हे रोज बाईच्या वाट्याला येतं तिथे पेशी छान दिसतात, मी पाहते.

पण वाट्याला येतं का? भाजी निवडून, धुऊन, खूप वेळ शिजवून पाणी टाकून दिलं की फोलेटचा मोठा भाग जातो, ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. उरलेली भाजी शेवटी बसणाऱ्या बाईला पळीभर. आजीबद्दल म्हणाल तर आजीच्या किती बहिणी, जावा बाळंतपणात गेल्या हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. विल्सबाई ज्यांच्यासाठी आल्या त्या आपल्या आज्या-पणज्यांच्याच पिढीतल्या.

लाल गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कंपनीचा धंदा म्हणून ती नाकारायची तर नुकसान त्या बाईचंच.

डॉक्टरीणबाई

जोड देते. अन्नातलं फोलेट गोळीतल्या फोलिक अॅसिडइतकं शरीरात शोषलं जात नाही. म्हणून गर्भधारणेच्या सुमारास चांगलं जेवणाऱ्या बाईलाही गोळी सुचवतो. जेवण सोडा असं कुणीच म्हणत नाही. अमेरिकेने तर १९९८पासून पिठातच फोलिक अॅसिड मिसळणं सक्तीचं केलं, कारण बाईने ठरवून गोळी घेण्यावर विसंबून राहिलं तर वेळ निघून जाते.

आशाताई_अकरोड

मी आशा आहे. माझ्या वस्तीत घरटी एकतरी बाई विडीवाली. ताई लोकांनो तुम्ही लिहिता ते सगळं खरं हाय, पण गोळी घरात गेली म्हणजे पोटात गेली असं नस्तंय.

एक सांगते. परवा एका सुनेकडं गेले. सातवा महिना. तेंदूपत्ता भिजवून पिळून ठेवलेला, पत्र्याचा माप लावून कात्रीनं पानं कापत होती. सूप मांडीवर ठेवायचं तर पोट आडवं येतंय, म्हणून सूप बाजूच्या डब्यावर ठेवून वाकडी बसलेली. तंबाखूच्या वासानं मळमळ, गोळीनं मळमळ, दोन्ही कसं सोसू म्हणाली. हजार विड्यांवर मजुरी, वाकून बसलं तर हात चालत नाही, उठून उलटीला गेलं तर विड्या कमी. गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यात, अख्खी. सासूबाई म्हणतात गोळीनं बाळ मोठं होतंय आणि कातडी काळी होती. शौच काळी झाली तर घाबरून बंदच केली.

मी काय केलं, दुपारची सोडून रात्री झोपताना घ्यायला लावली. चहासोबत नाही, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. पुढच्या खेपेला पट्टी निम्मी संपलेली होती की ओ!

डॉक्टरीणबाई

आशाताई, हे सोन्यासारखं काम आहे. शौचाला काळं होणं हे लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि बाळाच्या रंगाशी गोळीचा काडीचा संबंध नाही. बाळाचं वजन नीट भरतं ही तर चांगली गोष्ट. रक्तक्षय असलेल्या आईचं बाळ कमी वजनाचं, कमी दिवसांचं जन्मण्याचा धोका असतो, आणि प्रसूतीत रक्तस्राव झाला तर अशा आईकडे शिल्लकच नसते. सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा, दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाची तपासणी असते तेव्हा त्यांनाच सोबत आणा. सासूला पटलं की सून गोळी घेते, हा माझा अनुभव.

गिरणगाव

मी मुंबईचा, आजोळ सोलापूरचं. पणजी परळला गिरणीत होती, १९२८चा सहा महिन्यांचा संप तिने पाहिलेला. ज्या वर्षी विल्सबाई आल्या त्याच वर्षीचा. पगार बंद, घरात खायला नाही, त्यात बायका गरोदर. डॉक्टरांच्या कागदावर 'आहारातील कमतरता' असं येतं, पण त्या कमतरतेला कारणं होती आणि ती मजुरीच्या कागदावर होती.

एक शंका मनापासून विचारतो. गोरी डॉक्टर, आपल्या गरीब बायका, आणि प्रयोग. त्या बायकांना विचारलं होतं का? त्यांची नावं तरी कुठे आहेत?

काचपट्टी

गिरणगाव, हा प्रश्न विचारायलाच हवा. आजच्यासारखी लेखी संमती, नीतिमत्ता समिती हे त्या काळी रूढ नव्हतं, इंग्लंडातही नाही. पण काय केलं ते पाहू. बाई मरणाच्या दारात आहे, ज्ञात उपाय महाग आहे किंवा लागू पडत नाही, आणि खाण्याचा एक पदार्थ प्राण्यांवर पाहून मग तिला दिला. बायकांना मुद्दाम उपाशी ठेवून आजार घडवला नाही, तो भाग उंदरांवर आणि माकडांवर झाला. आणि निष्कर्ष काय काढला? या बायकांच्या रक्तात, वंशात, हवामानात दोष आहे असं म्हणणं त्या काळात सोपं होतं. विल्सबाईंनी दोष ताटात दाखवला. माझ्या दृष्टीने हे मोठं धैर्य आहे.

नावांचं मात्र तुमचं बरोबर. आज ज्या गोळीने जगभरातली बाळं वाचतात, तिची सुरुवात ज्यांच्या रक्ताच्या थेंबातून झाली त्या मुंबईच्या बायका शोधनिबंधात आकडा म्हणूनच उरल्या. विल्सबाईंच्या वाढदिवसाला १० मे २०१९ रोजी गुगलने चित्र लावलं होतं. परळच्या त्या बायकांसाठीही कुठेतरी एक पाटी लागावी असं मला फार वाटतं.

शेंगापोळी

गिरणगाव, तुम्ही संप काढलात म्हणून आठवलं, १९३०च्या मे महिन्यात इकडे सोलापुरात मार्शल लॉ लागला होता आणि १२ जानेवारी १९३१ला आपले चार हुतात्मे फाशी गेले. म्हणजे तिकडे हे संशोधन छापून येत होतं तेव्हा इकडे हे चालू होतं. अवांतराबद्दल क्षमस्व, धागा वाचतेय.

चिमणी_११

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझी पहिली मुलगी छान झाली. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळलं की बाळाची कवटी तयार झालेली नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरी ग्रहणाचं, भाजी चिरल्याचं, माझ्या आईकडे जाऊन आल्याचं, सगळं काढून झालं. वर्षभर मी सासरच्या माणसांच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

नंतर वेगळ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, त्या वेळी फोलिक कधी सुरू केलं होतं? मी म्हटलं तिसऱ्या महिन्यात. त्यांनी मोठ्या ताकदीची, पाच मिलिग्रॅमची गोळी दिली आणि ती सुरू करून काही महिने गेल्यावरच पुढचा विचार करा म्हणाल्या. मुलगा आता शाळेत जातो.

हे १९९१पासून माहीत आहे हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. मला आधी कुणी का सांगितलं नाही?

डॉक्टरीणबाई

चिमणी, तुमचं कुठेच काही चुकलेलं नव्हतं. ग्रहण नाही, सुरी नाही, माहेर तर अजिबात नाही. फोलिक वेळेवर घेऊनही काही बाळांत हा दोष राहतोच, त्यामुळे त्या एका गोळीचाही दोष स्वतःकडे घेऊ नका. मात्र एकदा असं बाळ झालं की पुढच्या वेळी धोका वाढलेला असतो आणि तिथे चार-पाच मिलिग्रॅमचा मोठा डोस लागतो, तोही आधीपासून. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: मोठा डोस आपल्या मनाने सुरू करू नये. फिट्सच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, घराण्यात असा दोष असेल, तर मूल व्हायचा विचार करतानाच डॉक्टरांशी बोला. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण ते औषध फोलेटच्या विरुद्धच काम करतं. ते आलंही सुब्बारावांच्याच लेडर्लेमधून. त्याचं भावंड अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी १९४७ साली रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना देऊन पाहिलं होतं. पेशीला विभागायला फोलेट लागतं, मग कर्करोगाच्या पेशीचं फोलेट अडवलं तर? विल्सबाईंच्या यीस्टपासून निघालेली वाट इथवर गेली.

हुरडा

चिमणी ताई, तुमचं वाचून सुन्न झालो. माझ्या पुतणीचं लग्न दिवाळीनंतर आहे. तिला हा धागा पाठवतोय.

मुळारंभ

एक प्रश्न. आम्ही पूर्ण शाकाहारी, लिंगायत. माझी बहीण सतत दमते, तिला कुणीतरी नुसतं फोलिक अॅसिड घे म्हणून सांगितलं. चालेल का?

काचपट्टी

मुळारंभ, नुसतं फोलिक नको, आधी तपासणी. शुद्ध आणि ओबडधोबड अर्काचा जो भेद विल्सबाईंनी दाखवला तो तुमच्या बहिणीसाठी आजही तितकाच जिवंत आहे. बी-१२ फक्त प्राणिज अन्नात असतं, शाकाहाऱ्यांना थोडंफार दूध-दह्यातून मिळतं. ते कमी असताना नुसतं फोलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, एचबी वर जातं, पण नसांचं नुकसान आतून चालू राहतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं. काचेवर दोन्ही कमतरता एकसारख्याच दिसतात, मला नुसतं पाहून सांगता येत नाही. बी-१२ची पातळी मोजावीच लागते.

आशाताई_अकरोड

काचपट्टी ताई, नवी लग्नं झालेल्या सुनांची यादी माझ्याकडं असते. जोडप्यांच्या भेटी घ्यायच्या असतात आम्हाला. तिथंच फोलिकचं सांगितलं तर चालंल ना? पण सांगायचं कसं? 'मूल व्हायच्या आधी गोळी' म्हटलं की पाळणा लांबवायची गोळी समजतात. एका घरात सासूनं हाकललं मला.

पूर्वभागकर

आशाताई, तेलुगूत मी लिहून देतो. पण कागद वाचणार कोण? माझं मत, आवाज रेकॉर्ड करा. आई बोलेल, तिचा आवाज आमच्या गल्लीत सगळ्या ओळखतात. ही गोळी पाळणा थांबवायची नाही, बाळाची पाठ नीट घडावी म्हणून आहे, एवढंच. विड्या वळताना सगळ्यांचे मोबाइल चालूच असतात.

डॉक्टरीणबाई

उत्तम. मजकूर मला आधी पाठवा, औषधाचं प्रमाण मी तपासून देईन. आवाजात मिलिग्रॅम वगैरे नको, 'आशाताईकडून घ्या, रोज एक' एवढंच राहू दे. आणि एक वाक्य जरूर घाला: आधीचं बाळ असं झालं असेल तर ही गोळी पुरणार नाही, डॉक्टरांना भेटा.

चिमणी_११

ते शेवटचं वाक्य मी बोलू का? नाव नको, आवाज चालेल.

पूर्वभागकर

जरूर ताई. तुम्ही मराठीत बोला, आई तेलुगूत बोलेल. दोन्ही फिरवू.

मुळारंभ

बहिणीला घेऊन येतो. उपाशीपोटी आणायचं का?

काचपट्टी

सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, उपाशी यावं लागत नाही, बी-१२ सोबत करायचं असेल तर सकाळी काही न खाता आलेलं बरं. आधीपासून बी-१२ची किंवा फोलिकची गोळी चालू असेल तर ती पट्टी सोबत आणा. आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'पेरिफेरल स्मिअर' असं लिहून घ्या, म्हणजे काच ओढली जाईल. नाहीतर मशीनचाच आकडा मिळेल.